एकाच हाताच्या दोन बाह्या

रविवार, २ फेब्रुवारी

चि. भिंगरे,

आत्याचे भरपूर आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटाही. फोन उचलत नाहीस म्हणून धपाटा. कुणी विचारलं की मी सांगते, पोर अभ्यासात बुडाली आहे. आम्ही दोघं बहीणभाऊ ठीक आहोत. थंडी कडक पडली आहे. दुकानाच्या काचेला मी नवा पडदा लावला, तो तुझ्या बाबाला अजिबात आवडला नाही. म्हणजे तब्येत सुधारते आहे.

झटक्यानंतर दादाचा उजवा हात कसा लुळा पडला, ते तू पाहून गेलीसच. तू गेल्यावर तर त्याने दुकान कायमचं बंद म्हणून सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ताट जसंच्या तसं परत यायचं. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं. मग एका सकाळी आपणच उठला आणि म्हणाला, "चल, दुकान उघड. डाव्या हाताने कापून बघतो."

नेहमीची कात्री डाव्या हातात कापत नाही, कापड नुसतं चावते, हे शिंप्याच्या घरात जन्मून मला या वयात कळलं! शेवटी धारवाल्याने कुठून तरी डावखुऱ्यांची कात्री आणून दिली. आधी रद्दीतले पेपर कापले, मग माझी चांगली चादर. तिच्या विजारी झाल्या, त्याही तोकड्या. मी बोंबललेच. तर म्हणतो कसा, "ओरडू नकोस. दुसरी चादर आण."

पण खरं सांगू? मी काजं करता करता त्याच्याकडे बघत बसायचे. एकदा खडू फिरवला की दुसऱ्यांदा न बघणारा हा माणूस, पहिलीतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून रेघ ओढायचा, पुसायचा, परत ओढायचा. मला त्याचा इतका अभिमान वाटायचा की डोळ्यांतलं पाणी लपवायला मी उगाच दोरा शोधायचे.

मग समोरच्या घड्याळवाल्या काकांचा कोट आला. पहिलंच गिऱ्हाईक. एरवी दादा कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदमच कापतो. पण डाव्या हातात दुहेरी कापड कापायचं बळ नव्हतं, म्हणून एकेक बाही वेगळी कापली, आणि दुसरीच्या वेळी कागदी साचा उलटा करायचा राहिला. शिवायला घेतल्यावर बघते तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! नवख्याने केलं असतं तर दादाने त्याचा कान पिळला असता.

मी म्हटलं, "दादा, तसलंच कापड आणते. कुणाला पत्ता लागणार नाही."

"कापड त्यांचं. त्यांना सांगायला नको?" म्हणाला, आणि काठी टेकत निघालासुद्धा. बाह्या माझ्या हातात. मी मागून लाजेने अर्धी झालेली. काकांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. "मास्तर, मी माझा उजवा हात ठेवू कुठे?"

"माझा ठेवलाय तिथेच. खिशात."

दोघं जे हसत सुटले! आजारपणानंतर तो असा हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग स्वतःचं कापड घालून त्याने बाह्या पुन्हा कापल्या. कोट खांद्यात जरासा ओढतो, पण काका तो घालून ऐटीत दुकानावरून जातात.

आता ज्या गोष्टीभोवती मी इतका वेळ घुटमळते आहे, ती. तुझा निकाल मला ठाऊक आहे. नर्सिंगच सोडून द्यायचं म्हणतेस, तेही. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीवर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. दादाला मात्र मी बोलले नव्हते.

गेल्या आठवड्यात त्याने तुझ्या कोटासाठी राखाडी कापड काढलं. तुझी मापं त्याला तोंडपाठ. तरी म्हणाला, "कमरेत अर्धा इंच आत घेऊ. पोर वाळली असेल."

"ती कशाला वाळेल?"

"नापास झाल्यावर घास उतरतो का? माझा उतरत होता?"

मी गारच पडले. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणे, "पास झाली असती तर निकालाच्या दिवशीच येऊन या टेबलावर नाचली असती." रागाचा एक शब्द नाही. खडू उचलला आणि रेघ ओढायला लागला.

मला उपदेश जमत नाही. परीक्षेला पुन्हा बसायची मुदत अजून गेलेली नाही, एवढं मी विचारून ठेवलं आहे. सोडायचं ते सोड, पण आधी एकदा येऊन या माणसाला कापताना बघ. मला तो फार शूर वाटतो गं. तोंडावर म्हटलं तर म्हणेल, आधी सुई ओव.

तुझा कोट कच्च्या टाक्यांवर उभा आहे. तुझ्या अंगावर बघितल्याशिवाय तो पक्की शिलाई घालणार नाही. कुणाचा म्हणून गिऱ्हाईकं विचारतात. "लेकीचा. येईल," एवढंच सांगतो.

शेवटची ओळ त्याने आपल्या हाताने लिहिली आहे. त्याच्या सरावाचे कागद टोपलीत गेले.

जेवत जा.

सुई ओवून बसलेली,
तुझी आत्या

ट्रायलला ये. दोन्ही बाह्या नीट तपासल्या आहेत.
बाबा