वर्ष व्हायच्या आत बोटीवर

प्रिय मिलिंद,

तुझ्या दादांचा मघाशी फोन आला होता. तुझं वर्षश्राद्ध ते त्यांच्या परळच्या घरी करणार आहेत म्हणे. "ओमला तेवढं सकाळी लवकर पाठव, तो पिंडाला बसेल. तू आणि सई जेवायला या. वर्षाच्या आत बोटीवर मजा करून आलेल्या घरात श्राद्ध शोभत नाही," असं म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलासुद्धा.

म्हणजे तुझ्या श्राद्धाला मी पाहुणी! ऐकलंस? लग्नाची बायको, आणि वाडग्यातली खीर खाऊन, हात पुसून घरी यायचं! डोक्यात अशी तिडीक गेलीय की कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या तेही कळलं नाही, भाताची पार पेज झाली. आता कुणाशी तरी कडकडून भांडल्याशिवाय मला घास जाणार नाही. आणि माझ्याशी नीट भांडणारा या घरात एकच माणूस होता. म्हणून तुला लिहितेय.

आधी एक सांग, बोटीचं खूळ कुणाचं होतं? माझं? मी तर रेवसच्या लाँचमध्येसुद्धा दोन्ही हातांनी बाक धरून बसणारी बाई! तू बॅलार्ड पिअरच्या त्या ऑफिसात अर्धं आयुष्य जहाजांचे कागद पुढे सरकवलेस. कुठलं जहाज कुठल्या बंदराला केव्हा लागणार, तुला तोंडपाठ. आणि त्यातल्या एकाच्याही शिडीवर कधी पाय ठेवला नाहीस.

मग ते व्हिडिओ सुरू झाले. जेवताना पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून ठेवायचा आणि सईला शेजारी ओढायचं. "ही बघ केबिन. ही बघ बाल्कनी. हा पोहायचा तलाव, समुद्राच्या वर तलाव, आहे की नाही कमाल?" बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, नेपल्स ही नावं तू अशी घ्यायचास, जसं काही करी रोड, चिंचपोकळी! मी आपली ओरडतेय, अरे आमटी गार होतेय. ऐकतोय कोण?

शेवटी मे महिन्याचं बुकिंग करूनच घरी आलास. चौघांचं. सईची बारावी संपेल, ओमची दहावी सुरू व्हायची असेल, मधली तेवढी फट तू बरोब्बर पकडलीस. आणि दिवाळीच्या तोंडावर स्वतःच निघून गेलास!

छातीत दुखतंय म्हणालास. गॅस झालाय म्हणालास. ओव्याचं पाणी कर म्हणालास. ओव्याचं पाणी, मिलिंद! खाली रिक्षा नव्हती, टॅक्सी होती ना? हाक मारली असतीस तर सगळा मजला धावला असता. याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. वर भेटशील तेव्हा पहिलं भांडण याच विषयावर होईल, तयारीत राहा.

दहाव्याला बाणगंगेवर काय झालं ते तुला ठाऊक असेल, नसेल. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, आणि कावळा काही शिवेना! समोर कठड्यावर बसलेला, दिसतोय, पण मान फिरवून दुसरीकडे बघतोय. अगदी तुझ्यासारखा, राग आला की बघायचास तसा. मग सुरू झाली वचनं. दादा म्हणाले, "मुलांची शिक्षणं मी बघतो." ढिम्म! "गावच्या घरात तुझ्या पोरांचा वाटा राखून ठेवतो." ढिम्म! तुझे आत्येभाऊ म्हणाले, "वहिनीला एकटी पडू देणार नाही." तेव्हा तर तो उडून आणखी लांब जाऊन बसला. गुरुजी घड्याळ बघायला लागले, पाठीमागे दुसऱ्या घरची माणसं ताटकळलेली. "दर्भाचा कावळा करू या," असं गुरुजींनी म्हटलं मात्र, आणि आपला ओम रडत रडत ओरडला, "बाबा, आपण बोटीवर जाऊ! नक्की जाऊ!"

आला की रे! सरळ खाली आला आणि चोच मारली. सगळ्यांनी हात जोडले. सगळ्यांच्या आधी कुणी? तुझ्या दादांनी! "शिवलो गो, कावळो शिवलो!" करून तेच माझ्याहून मोठ्याने रडले.

आणि तेच दादा एप्रिलमध्ये आपल्या घरात, माळ्यावरून काढलेल्या बॅगा बघून माझ्यावर कडाडले. चिडले की त्यांना मालवणीच सुचते. "वरस जावचा आसा अजून, आणि तू बोटीर चललंस? लोक काय म्हणतले?"

मी म्हटलं, "दादा, पिंडापुढे दिलेला शब्द आहे. तुम्हीच हात जोडलेत."

"मगे वर्षानंतर पाळ तो शब्द."

"वर्षानंतर ओमची दहावी, सईचं कॉलेज. तोवर बोट काय आमच्यासाठी धक्क्याला थांबणार आहे?"

तर काय म्हणावं त्यांनी? "तसा असात तर मांडव्याक जावा. गेटवेवरून बसा, दोन-तीन तासांत परत. बोट ती बोटच!"

तुला हसू येतंय ना? मलाही आलं, पण पदर तोंडाला लावून बसले. मग म्हटलं, "दादा, गेलेल्या माणसाला मांडव्याच्या बोटीत बसवून फसवायचं? तुमच्या सख्ख्या भावाला?" उठून गेले. चहासुद्धा घेतला नाही. एरवी तुमच्या घरात मी दादांसमोर मान वर करून बोलले होते का कधी? त्यांच्यासमोर तुला 'अहो' आणि दार लागलं की 'अरे', अशी मी. पण त्या दिवशी म्हटलं, आता घाबरून काय वाचवायचंय?

खरी अडचण दादा नव्हतेच. सई होती.

दहाव्यापासून त्या पोरीच्या तोंडून 'बाबा' हा शब्द गेला होता. तुझा फोटो ज्या भिंतीवर आहे तिच्याकडे पाठ करून जेवायची. कुणी तुझा विषय काढला की उठून गॅलरीत. मी हळूच विचारून पाहिलं, ओरडून पाहिलं, काही उपयोग नाही. वाटायचं, माझी पोर तुझ्याबरोबरच निघून गेली की काय! बोटीचं काढल्यावर म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मला नाही यायचं." ओमने सांगून टाकलं की ताई नाही तर मीही नाही. तेव्हा आली, पण कानात हेडफोन घालून, आमच्यावर उपकार केल्यासारखी.

एक गोष्ट मी केली, ती वेडेपणाची असेल तर असू दे. ट्रॅव्हल एजंट म्हणाला, "मॅडम, साहेबांच्या मृत्यूचा दाखला पाठवा, नाव काढून टाकतो." नाही पाठवला. चार नावं तू लिहून दिली होतीस, त्यातलं एक खोडायला मी कोण? दहाव्याला तुला शब्द दिलाय की 'आपण' जाऊ. मग तिघांच्याच नावावर कशी जाऊ?

त्याचं काय झालं ऐक. बार्सिलोनाच्या बंदरात, समोर आपल्या अख्ख्या लालबागपेक्षा उंच ती बोट, आणि काउंटरवरची गोड मुलगी स्क्रीनवर बघून विचारते, चौथे पाहुणे कुठे आहेत? माझं इंग्रजी तुला माहीत आहे, घाईत निम्मं पळून जातं. मी म्हटलं, "कमिंग!"

काय करू, तेच निघालं तोंडातून! तिने हसून आम्हाला बाजूला उभं केलं, ते आले की सगळे मिळून या म्हणाली. आणि आम्ही उभे! मागची माणसं पुढे जातायत, आम्ही बॅगा धरून तुझी वाट बघत उभे! ओम माझ्याकडे आ वासून बघतोय. मला ना पुढे जाववेना, ना खरं सांगवेना.

तेवढ्यात सईने हेडफोन काढले. काउंटरपाशी गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माय फादर इज डेड. ही इज नॉट कमिंग."

तिघांची कार्डं मिळाली. आम्ही आत गेलो.

केबिनचं दार लावलं आणि पोरगी माझ्यावर तुटून पडली. "तू मला ते बोलायला लावलंस! मुद्दाम नाव ठेवलंस तू!" मी म्हटलं, अगं नाही गं. ती ऐकतेय कुठे! इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. "दहाव्याला सगळ्यांना विचारलंत, बाबांची काय इच्छा होती. त्या आत्येकाकांनाही विचारलंत, ते तर बाबांना वर्षातून एकदा भेटायचे. मला कुणी विचारलं? मी पुढे येत होते, परळच्या काकांनी दंड धरून मला पायरीवर थांबवलं. मुलींनी पुढे यायचं नाही! स्मशानातही नाही, तिथेही नाही. आई, ते सगळे व्हिडिओ बाबांबरोबर मी बघितलेत. बाबांना काय हवं होतं ते मला माहीत होतं. ओमला नाही!"

ओम बिचारा म्हणाला, "मला खरंच नव्हतं माहीत. मी आपलं सुचलं ते बोललो."

मी विचारलं, "मग काय हवं होतं त्याला?"

तिने नाक पुसलं. मग म्हणाली, "तू. बाबा म्हणायचे, तुझी आई घरी जेवायला म्हणून बसत नाही. हॉटेलात नेली तर मेनूकार्ड बघूनच उठते. बोटीत घालतो, मग कुठे पळेल? एक आठवडा तरी दुसऱ्याने वाढलेलं गरम गरम जेवेल."

मिलिंद, हे तू मला का नाही सांगितलंस रे? लेकीला सांगतोस, मला नाही? मी तुला जहाजवेडा म्हणत राहिले, तुझ्यापुढून मोबाइल हिसकावला एकदा. आणि तू आपला गालात हसत आमटी ओरपत होतास! तुला चोप द्यायला हवा होता.

त्या केबिनमध्ये आम्ही तिघं एका पलंगावर बसून असे रडलो, असे रडलो, की शेजारच्या केबिनवाल्यांनी भिंतीवर टकटक केली. ओमने उलटी टकटक केली. मग आम्ही हसायला लागलो.

त्यानंतर मी बसले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, टेबलाशी बसून गरम गरम जेवले. कुणी ताट उचलायला आलं की हात शिवशिवायचे, सई टेबलाखालून पाय मारायची. पोरं तर पोरंच! दहा वाजेपर्यंत घोरत पडायची, किनाऱ्यावर इतकी जुनी देवळं, चर्चं, आणि ओमला रस होता तो फक्त आइस्क्रीमच्या मशीनमध्ये, कारण ते फुकट आणि दिवसभर चालू. नेपल्सला पिझ्झ्यावर मी घरची लसणाची चटणी टाकली, तर दोघं मला ओळख दाखवेनात. सई म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी डबाच उघडून सगळ्यांना वाटली असती." बाबा असते तर! सहज म्हणाली, पिझ्झा चावता चावता. मी समुद्राकडे बघत बसले, म्हटलं आता रडू नये.

नटूनथटून जेवायची एक संध्याकाळ असते तिथे. मी लाल साडी नेसले. हो, लाल! वर्षाच्या आत! सईने पिना लावून दिल्या. ओमने फोटो काढला आणि शहाण्याने फॅमिली ग्रुपवर टाकला. झालं! दादा ग्रुप सोडून गेले, तेव्हापासून अबोला. तो मोडला तो थेट आज, मला पाहुणी करायला.

आता पुढचं ऐक. फोन झाला तेव्हा सई इथेच, ओट्याशी उभी होती. भाताची पेज बघितली, माझं तोंड बघितलं, आणि म्हणाली, "श्राद्ध आपल्या घरी. मी बसणार. मी मोठी आहे. ओम शेजारी बसेल."

मी म्हटलं, "गुरुजी तयार होतील का?"

म्हणाली, "दादरला एक बाई पौरोहित्य करतात. मी मागच्याच महिन्यात त्यांना विचारून ठेवलंय. त्यांना काही अडचण नाही." मागच्याच महिन्यात! आईला पत्ता नाही! कुणावर गेलीय ते सांगायला नकोच.

मग तिने स्वतः काकांना फोन लावला. आवाज जरासुद्धा चढवला नाही. म्हणाली, "काका, बाबांचं वर्षश्राद्ध लालबागलाच होईल. मी करतेय. तुम्ही या, तुमच्याशिवाय बाबांना बरं वाटणार नाही."  पलीकडून "बघतंय", म्हणजे बघतो, एवढंच, आणि फोन बंद.

येतील किंवा नाही येतील. आले तर चौरंगाजवळची चांगली जागा त्यांना, मानाने. ते तुझे दादा आहेत, त्यांचाही भाऊ गेलाय, हे मला कळतं रे. पण एक शब्द तुला देते, आणि हा माझा एकटीचा आहे. त्या दिवशी सई पाटावर बसेल. ती तुझं नाव घेईल, गोत्र घेईल, मोठ्याने घेईल, दारापर्यंत ऐकू जाईल असं. आणि ते पुरं व्हायच्या आत कुणी तिचा दंड धरायला हात पुढे केलाच, तर तो हात मी धरीन आणि त्या माणसाला घराबाहेर नेऊन सोडीन. मग तो तुझा सख्खा भाऊ का असेना.

तुझ्यावर अजून रागावलेली,
सुषमा