खुणेचं अंडं

आत्याबाई,

काल सकाळी खुराड्यात राख पसरताना हाताला अंड्याचं टरफल लागलं. आदल्या दिवशी नातीनं ते चुलीत टाकलं असणार. कडेनं काळं पडलेलं, मधे पांढरं, पण जळून गेलेलं नव्हतं. मी राखेची पाटी तशीच ठेवून खुराड्याशेजारी बसले. अंड्याचं टरफल चुलीत जळत नाही हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळावं, आणि सासूबाई, तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं का, हे विचारायला तुम्ही नसाव्यात. म्हणून लिहायला बसले आहे.

मी सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीत वाढलेली. भोंग्यावर उठायचं आणि नळावर भांडायचं. बाजारात पाय बांधून उलटी टांगलेली दिसायची, तेवढीच माझी कोंबडीशी ओळख. लग्न करून सांगोल्याकडच्या तुमच्या माळावर आले, तेव्हा तुमचा मुलगा गिरणीत कामाला परत गेला होता आणि सासरे मेंढरं घेऊन लांब गेले होते. घरात तुम्ही, मी आणि तीन कोंबड्या. त्यातल्या दोघी पिलांमागं फिरणाऱ्या, अंडी देणारी एकटी काबरी.

तुमच्याकडं बघत बसायला मला फार आवडायचं. सकाळी तुम्ही काबरीला बगलेत धरता, शेपटीखाली बोटानं चाचपता आणि सांगता, "आज हाय." कोंबडी नवी असताना तिला अंडं देईपर्यंत आठ दिवस आतच कोंडायचं, सोडायचं नाही. आठवड्याला चुलीतली राख खुराड्यात पसरायची, म्हणजे पिसवा होत नाहीत. अंधाऱ्या कोपऱ्यात फुटक्या पाटीत गवत, आणि त्या गवतावर कोळशाची खूण केलेलं एक अंडं. बाकीची उचलायची, खुणेचं राहू द्यायचं. मग कोंबडी माळावर कुठंही असो, वेळ झाली की धावत घरी येते आणि आपणहून पाटीत बसते. मी विचारलं होतं, एकच कशाला ठेवायचं? तुम्ही म्हणालात, "आपल्या आदी हितं कुणीतरी सुखानं बसलं व्हतं, येवढं तिला दिसाया पायजे. सुनंचं तरी दुसरं काय असतंय?"

आणि ते खुणेचं अंडं नाहीसं झालं. तुम्ही रिकाम्या पाटीकडं बघून म्हणालात, "मुंगसानं खुणंचंबी सोडलं न्हाय की." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी काबरी वेळेवर आली. तिनं दारातून आत पाहिलं, मान वाकडी करून पुन्हा पाहिलं, आणि निघून गेली. तिला चार आणि पाच यांतला फरक कळत नसेल, पण आहे आणि नाही यांतला बरोबर कळला. हे कसं, ते मला अजून उमगलेलं नाही. त्यानंतर रोज सकाळी पोटात अंडं असायचं, संध्याकाळी नसायचं, आणि खुराडं रिकामं.

तुम्ही चार दिवस वाट पाहिलीत. मग म्हणालात, "रईवारी जावई येत्यात. तवर हितं घातलं तर घातलं, न्हाय तर हिचाच रस्सा." रविवार तीन दिवसांवर होता.

दोन दिवस मी काबरीच्या मागं हिंडले. कोंबडीइतकं लबाड जनावर नाही. मी थांबले की ती थांबायची, उगाच माती उकरायची, आपण कुठंच निघालो नाही असं दाखवायची. पहिल्या दिवशी तिनं मला ओढ्यापर्यंत नेऊन परत आणलं. दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीमागं चकवलं. शनिवारी मी मागं गेलेच नाही. उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले आणि नुसता कान दिला. ऊन तापल्यावर निवडुंगाच्या कुंपणातून अंडं घातल्यावरचं तिचं कक्-कक् ऐकू आलं. पोटावर सरपटत आत गेले. लुगडं फाटलं, हातभर काटे घुसले. मातीत खड्डा करून तिनं सहा अंडी मांडून ठेवली होती.

मी पदरात अंडी घेऊन आले. तुम्ही माझ्या हाताकडं पाहिलंत आणि दिव्याजवळ बसवून सुईनं एकेक काटा काढलात. रविवारी जावयांना अंड्याचं कालवण मिळालं. काबरी आठ दिवस कोंडून राहिली आणि पुन्हा पाटीत बसायला लागली.

पण दोन गोष्टी तेव्हा मला कळल्या नाहीत. एक म्हणजे, खुणेला तुम्ही अंडं ठेवणं बंद केलंत. ओढ्यातून गुळगुळीत पांढरी गारगोटी आणून ठेवलीत. शेजारणीला सांगितलंत, उन्हाळ्यात अंडं नासतंय. आणि दुसरी, त्याच आठवड्यात माझ्या ताटात भाकरीच्या खाली एक उकडलेलं अंडं निघालं. मग रोजच निघायला लागलं. मला दिवस गेले होते आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाच अजून खात्री नव्हती. तुम्हाला चाचपल्याशिवाय कळत असेल, असं समजून मी गप्प खात राहिले.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांनी काल उजाडलं. चुलीतली राख तुम्हीच खुराड्यात न्यायच्या. त्या राखेत कोळशाची खूण केलेलं टरफल तुमच्या हाताला लागलं असणार. मग मुंगसाला शिव्या देत राहिलात त्या कुणासाठी? एका शब्दानं रागावल्या असतात तर बरं झालं असतं. मी तेव्हाच रडून मोकळी झाले असते.

हे पत्र कुठं पाठवणार? तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमच्या मुलाची पत्रं मीच वाचून दाखवायची, आणि त्यातली माझ्यापुरती ओळ आली की गाळून पुढं जायची. तुम्ही न चुकता विचारायच्या, "मदलं काय गाळलंस?" हे पत्रही मीच वाचून दाखवलं असतं. तुम्ही ओढ्यावर गेल्या होतात, मी ते खुणेचं अंडं ओल्या फडक्यात गुंडाळून राखेत भाजलं आणि मीठसुद्धा न घेता उभ्यानं खाल्लं, एवढी ओळ मी आजही गाळली असती.