काढून टाकलेली सोळा पानं

चि. भाच्यास आत्याचे अनेक आशीर्वाद. (हेडमास्तर झालास म्हणून नमस्कार वगैरे मिळणार नाही, तुझं नाक मी पदरानं पुसलेलं आहे.) तुझा घसा कसा आहे? पोरांवर ओरडून बसला असेल तर मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर, आणि जरा कमी ओरड. आम्ही सारे ठीक आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

तुझ्या शाळेच्या वाचनालयाची एकोणचाळीस पुस्तकं बाइंडिंग होऊन तयार आहेत. चाळिसावं अडलं. तीच ती, शाळकरी पोरांसाठी लिहिलेली कादंबरी, जिच्यात तू चिठ्ठी घातली होतीस की नववं प्रकरण काढून टाकावं, मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो. मी हुकमाची ताबेदार. शिवण उसवली आणि ज्यात ते प्रकरण होतं तो सोळा पानांचा अख्खा फर्मा अलगद बाहेर काढला. आता माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. चौथीत शाळा सुटली, पुढचं शिक्षण लोकांची फाटकी पुस्तकं शिवता शिवता झालं (म्हणून मला बऱ्याच गोष्टी मधूनच माहीत असतात, सुरुवातीची आणि शेवटची पानं बहुधा गहाळच असायची). एवढं विषारी काय आहे ते बघावं म्हणून टेकले, तर इकडे वाटीतली खळ वाळून खडखडीत. त्यात ना मारामारी, ना चुंबन (मी शोधलं). एक मुलगी आहे. वर्गातल्या पोरी तिचा फोटो वेडावाकडा करून फोनवर एकमेकींना पाठवतात, आणि ती घरी कुणाला सांगत नाही. बस. मला प्रश्न पडला, यात नेमकं कुणाच्या मनाला जपायचंय, मुलांच्या की आपल्या?

फर्मा पुस्तकं दाबायच्या शिकंज्याखाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बघते तर गायब! घरात विचारलं, तर सगळ्यांचा चेहरा ‘मी नाही त्यातली’ असा. लेक म्हणाला, "आई, मी मिक्सर दुरुस्त करणारा माणूस, मला कादंबरी कशाला?" सून म्हणाली, "मला पेपर चाळायला फुरसत नाही." नात काहीच म्हणाली नाही, पण ती हल्ली काहीच म्हणत नसे. चार दिवसांनी फर्मा आपल्या पायांनी शिकंज्याखाली परत आला. पहिल्याच पानावर ग्रीसचा अंगठा. सहाव्यावर पिठाचं बोट. (चाळीस वर्षं डागांवरून वाचक ओळखते मी. चहाचं गोल कडं दिसलं की समजायचं, मास्तर.) आणि बाराव्या पानावर एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ, इतकी पुसट की ओढणारी ओढताना घाबरलेली असावी. वाक्य असं: ‘मला रोज सगळे विचारतात, जेवलीस का. कशी आहेस, असं कुणी विचारत नाही.’ घरात पेन्सिल वापरणारी एकच. तुझ्या शाळेत नववीत आहे.

दर सोमवारी तिचं पोट दुखतं, हे तुला कळवलं होतं. दोन डॉक्टर झाले, जंताचं औषध झालं, ते खबरदारी म्हणून मीही घेतलं. पण ते वाक्य वाचल्यावर मी सुई खाली ठेवली, तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "कशी आहेस गं?"

"जेवले, आजी."

"ते नाही विचारलं."

मग पोर जी बोलायला लागली ती दीड तास. तिचंही तेच चाललंय रे, तीन महिने झाले. तोच फोटोचा उद्योग, तसंच खिदळणं. मधल्या सुट्टीत डबा सायकलींच्या शेडमध्ये एकटी बसून खाते, कुणी बघू नये म्हणून घंटा झाल्यावर सगळ्यात शेवटी वर्गात जाते. आणि उशीर केला म्हणून तू तिला दोनदा सगळ्यांसमोर उभी केलीस. तुला ठाऊक नव्हतं. एका खोलीत झोपून मला तरी कुठे होतं? दिव्याखाली अंधार तो हाच. आमचं बोलणं चालू असताना दाराआड तिचे आईबाप उभे होते, दोघं मिळून एकाच मिक्सरकडे बघत.

सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. चाळिसावं पुस्तकही तयार आहे. फर्मा होता तिथेच परत शिवलाय, दुहेरी दोऱ्यानं. काढायचाच असेल तर आपल्या हातानं काढ, पण आधी वाचून. (चिठ्ठीत तू ‘त्या मुलाच्या वाईट सवयी’ असं लिहिलंस. गोष्ट मुलीची आहे, सोन्या.)

ता. क. २ पुस्तकं न्यायला शिपाई पाठवू नकोस. रविवारी स्वतः ये, तिच्यासमोर बस आणि ती बोलेल तेवढं नुसतं ऐक. वर्गाचा बंदोबस्त काय करायचा तो तिला विचारून, मग. हे तिच्या परवानगीनंच लिहितेय. ती म्हणाली, "काकांना सांग, पण हेडमास्तरांना नको." मी शब्द दिलाय, म्हणून हे पत्र शाळेच्या नाही, घरच्या पत्त्यावर टाकतेय.