शिवणाच्या नव्हे, गाण्याच्या बाई

प्रिय शेंडेबाई,

तुम्ही गेल्याचं मला काल कळलं, तेही भाजी घेताना. शाळेतली मंदा इथल्या बाजारात भेटली. "शेंडेबाई गेल्या न वं, पंधरा दिवस झाले," म्हणाली. मी हातातली वांगी टोपलीत परत ठेवली आणि घरी आले. घरी मात्र रडता येईना. बाई, या घरात तुम्ही माझ्या शिवणाच्या बाई होतात! शिवणाच्या बाईंसाठी कुणी एवढं रडतं का? म्हणून रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आणि आता हे लिहायला बसले.

आठवीत होते मी. प्रार्थनेत नुसते ओठ हलवायची. तुम्ही बरोबर पकडलंत.

"काहून गात नाही वं?"

"माझा आवाज जाड आहे, बाई. पोरी हसतात."

तुम्ही मला पेटीजवळ बसवलंत, पट्टी उतरवलीत आणि म्हणालात, "आता लाव सा." मी लावला. तुम्ही डोळे मिटून ऐकत राहिलात. "जाड नाही वं, खोल आहे. पोरींच्या पट्टीत काहून कोंबून राहिली त्याले?"

त्या एका वाक्यानं मी ताठ चालायला लागले. पुढे तीन वर्षं दर शनिवारी शाळा सुटल्यावर शिकवलंत. शाबासकी मात्र पुन्हा कधी दिली नाहीत हं! चुकलं की बोटानं फक्त पेटीवर टकटक. एवढी कशाची कंजुषी, बाई?

मग लग्न झालं आणि मी कोराडीच्या वीजकेंद्राच्या या क्वार्टरमध्ये आले. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना गुणगुणले, तर सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, गाणंबिणं माहेरी. इथं भिंतीले भिंत आहे. लोक काय म्हणतील?" हे डबा घेऊन ड्युटीवर निघाले होते. त्यांनी ऐकलं, चपला घातल्या आणि गेले. वाईट नाहीत ते. काही बोलत नाहीत, एवढंच.

राख येते म्हणून खिडक्या दिवसभर बंद. दोन खोल्या, त्यात मी. मनातल्या मनात गायचीही भीती वाटायची. ओठ हलले तर? मला गायला शिकवलंत, पण गाणं बंद झाल्यावर कसं राहायचं, ते का नाही शिकवलंत?

आणि एके दुपारी तुम्हीच दारात! बस बदलून, उन्हातून, पत्ता विचारत आलेल्या. रेडिओवर गाणाऱ्यांची निवड होणार होती, त्याचा फॉर्म घेऊन. तुम्ही तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी विचारलं, "कोण व्हय वं ह्या?"

"शाळेतल्या बाई. शिवणाच्या."

कसं आलं माझ्या तोंडात? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. क्षणभरच. मग पलंगावरची उशीची खोळ उचललीत आणि म्हणालात, "टाका अजून सैलच पडते तुझा, वनमाला."

सासूबाई खूश. लगेच आपलं नवं झंपर घेऊन आल्या. काखेत काचतं म्हणे. आणि तुम्ही, उभ्या आयुष्यात बटण न लावलेल्या, बोटानं मापं घेत बसलात! त्या चहा टाकायला आत गेल्या तेव्हा हळूच विचारलंत, "फॉर्म पर्समध्ये आहे. देऊ?"

मी मान हलवली. नको.

तुम्ही रागावला नाहीत. चहा पूर्ण प्यायलात. स्टॉपपर्यंत सोडायलाही मी आले नाही, बाई. दारातूनच पाठमोऱ्या तुम्हाला पाहिलं. रागावला असतात तर बरं झालं असतं. निदान मला उलट बोलता आलं असतं. पाच वर्षं मी तुम्हाला एक कार्डही टाकलं नाही. काय लिहिणार होते?

आज सकाळी सासूबाईंनी विचारलं, "डोळे काहून सुजले?" मी सांगून टाकलं. त्या शिवणाच्या नव्हत्या, गाण्याच्या होत्या. माझ्या होत्या. त्या वारल्या.

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मंग माह्या झंपरचं माप कसं बरोबर सांगतलं त्याईनं?"

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. त्यांनी पाणी आणून दिलं. पण गा, असं काही म्हणाल्या नाहीत. मंदा म्हणाली तशी येत्या रविवारी शाळेत तुमच्यासाठी शोकसभा आहे, मी जाणार, असं सांगितलं तर म्हणाल्या, "संध्याकाळच्या सैपाकाचं काय?" आणि हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "एकटीच?" मी हो म्हटलं. पान उलटल्याचा आवाज आला, बस.

दार कुणी उघडून देणार नाही, बाई. कळलंय मला.

आवाज उरलाय की नाही, तेही माहीत नाही. पण वचन देते. रविवारी मी येईन. कुणी सांगो न सांगो, गायला उभी राहीन. आणि एकदा सुरू केलं की लोक उठून गेले तरी शेवटच्या ओळीपर्यंत गाईन.

तुमचीच,
वनमाला