दुपारचे बुडबुडे

१२ मे, मंगळवार
क्लोरीनच्या पंपाने परत हवा धरली. पिंपातून वर येणाऱ्या नळीत नुसते बुडबुडे. पंप टकटक करतोय, क्लोरीन मात्र तलावात जातच नाही. तेही नेमकं माझ्या बायकांच्या दुपारच्या पोहण्याच्या बॅचला. पाणी तपासलं. क्लोरीन असेल तर तपासणीचे थेंब टाकल्यावर पिवळं व्हायला हवं, तर रंगच नाही.
बिनक्लोरीनच्या पाण्यात डोळे येतात, म्हणून पोरींना काठावर बसवून हातांचा सराव घेतला. शबाना हिरमुसली, कालच पहिल्यांदा तरंगली होती. तिच्या सासूने बजावलंय, "डोळे लाल झाले का दुसऱ्या दिशी जायचं न्हाई." बाकी घरांतही हेच. एकीला काही झालं की सगळ्या घरी. किती दारं झिजवून जमवलीय ही बॅच!

१३ मे
रशीदभाई आले. शेतातल्या मोटारी दुरुस्त करतात, आमचा पंपही तेच बघतात. नळीच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली. "हिरीवरच्या मोटारीला ह्येच करतो म्याडम. आता कशी हवा घेती बगू."
संध्याकाळी पंप छान चालला. खूश होऊन चहा पाजला.

१४ मे
पट्टीचा चिकट, काळा लगदा. क्लोरीनने रबर खाल्लं. रशीदभाईंवर फोनवर तडकले, तर म्हणतात, "तुमी बी हुब्या व्हत्याच की!" होते खरी. मलाही सुचलं नाही.
नवी नळी, नवा सांधा बसवला. दुपारी पुन्हा बुडबुडे. पंपाला लाथ घालावीशी वाटली. आजही पोरी कोरड्याच परतल्या.

१५ मे
सकाळपासून पंपापाशीच बसले. पुरुषांच्या सकाळच्या बॅचला नळी अगदी स्वच्छ. ऊन चढलं, खोलीचा पत्रा तापला, पिंप तापलं, तसा एकेक बुडबुडा सुरू. हवा बाहेरून येतच नव्हती! तापलेलं क्लोरीनच वायू सोडतंय. आणि सकाळी पाण्यात गेलेलं दुपारपर्यंत उन्हात उडून जातं.
पिंपावर ओलं गोणपाट टाकलं. थोडा वेळ टिकलं, मग तेच. रशीदभाई म्हणाले, "पक्की खोली पायजे. सीझन संपल्याबिगर न्हाई व्हायचं."
आणि आम्हाला दुपारची वेळ का? तर तेव्हा पुरुष फिरकत नाहीत म्हणून. तलावाच्या मालकांना, काकांना म्हटलं, वेळा बदला. हसले. "गड्यांना दुपारच्या उन्हात कोनी बोलवायचं बाई? सोडा बायकांना पान्यात, काय व्हत न्हाई."
काय होत नाही म्हणे! स्वतः उतरतील का?

१६ मे, शनिवार
पाण्याला आजही पिवळा रंग नाही. फाटक उघडलंच नाही. पोरी बाहेर उन्हात, पिशव्या घेऊन उभ्या. कारण सांगितलं. शबाना हळूच म्हणाली, "म्हंजी आपली बॅच बंद झाली न्हवं?"
"बंद कशानं? उद्या सकाळी सहाला या. सगळ्या." बोलून गेले.
त्या हसत गेल्या.
सहाला पुरुषांची बॅच असते. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. काकांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. फाटकाची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.