नाना, उशी अजून तशीच आहे

प्रिय नाना,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. नाक्यावरून बस पकडली की मळ्यात पोचायचं, पत्र कशाला लिहायचं! पण काल आमच्या मुलांच्या वॉर्डात पुन्हा ट्रेनिंग झालं. लहान मुलाचं हृदय थांबलं तर काय करायचं, ती पद्धत परत सुधारलीय. ऐकताना पहिलं मनात आलं, शनिवारी घरी गेले की नानांना सांगते. मग आठवलं, तुम्ही नाही आता.

दर वेळी असंच होतं माझं. पद्धत बदलली की मी मनातल्या मनात माझ्या पाठच्या राजूला पुन्हा हौदातून बाहेर काढते आणि नव्या रीतीनं करून बघते. माझे केस पिकायला लागले, आणि तो मेला अजून चार वर्षांचाच आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे झेंडू तोडत होतो. नदीकाठच्या फुलबाजारासाठी टेम्पो भरायचा होता, कुणाला मान वर करायला सवड नव्हती. विहिरीजवळच्या हौदात राजू आईला दिसला. तुम्ही त्याला काढलंत, पाय धरून खांद्यावर उलटा टाकलात आणि लिंबाभोवती गोल गोल पळत सुटलात. बुडालेल्याचं पाणी असंच काढतात ना आपल्याकडे! सगळा मळा ओरडत होता, फिरवा, फिरवा. त्याच्या तोंडातून पाणी आलं तेव्हा बायांनी हात जोडले. तुम्ही आणखी जोरात पळालात.

टेम्पोतली फुलं तिथंच ओतून आपण दवाखाना गाठला. फार उशीर झाला होता.

भेटायला येईल त्याला तुम्ही एकच सांगायचात, "पाणी सगळं काढलं व्हतं मी." वर्षानुवर्षं सांगत राहिलात. त्या एका वाक्यावर तुम्ही उभे होतात, नाना.

आणि मी मेली नर्स झाले! पहिल्याच ट्रेनिंगला मॅडम म्हणाल्या, पाण्याच्या मागे लागू नका. श्वास कोंडतो म्हणून लेकराचं हृदय थांबतं, तेव्हा श्वास चालत नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छाती दाबा. मी उठून बाहेर गेले आणि नळ सोडून रडले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, त्यांच्यापुढं चकार शब्द काढू नको. मी काढला नाही.

मग गावातल्या शाळेत मी रबराची बाहुली घेऊन हेच शिकवायला आले, तेव्हा तुम्हाला कुणी बोलावलं होतं हो? मागं भिंतीला टेकून उभे राहिलात. मला दिसलात, पण पोरंबाळं आणि आयाबाया समोर, थांबता येईना. उलटं धरू नका, असं मला तुमच्यासमोर म्हणावं लागलं.

सगळे गेल्यावर तुम्ही टोपी काढून बाहुलीजवळ बसलात. मी दाखवलं होतं तसं तिचं डोकं जरा मागं केलंत, नाक धरलंत, तोंडाला तोंड लावून फुंकलंत. बाहुलीची छाती वर आली. तुम्ही किती वेळ तिच्याकडे बघत होतात.

"एवढंच व्हतं का गं, मंगे?"

तेव्हा आपल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, असं मी म्हणाले. खरंच होतं ते. पण त्या दिवसापासून पाण्याचं ते वाक्य तुमच्या तोंडून कधी आलं नाही. काठी काढून घ्यावी तसं झालं. राग आला होता का माझा? निदान ओरडायचं तरी!

तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं. दुपारी जेवण झालं की तुम्ही मागच्या खोलीत दार लोटून घ्यायचात, उशी जमिनीवर ठेवायचात आणि एका तळव्यानं दाबत बसायचात. मधेच थांबून कान लावायचात. तिनं दाराच्या फटीतून पाहिलं आणि तशीच मागं फिरली.

उशी मी बघितली. मधोमध खड्डा पडलाय. आई म्हणते, कापूस पिंजून घेऊ.

नाना, तुम्ही माझ्याकडूनच शिकलात, आणि ती रीत आता जुनी झाली. लेकराला आधी श्वास, हे तसंच आहे. पण आता मधे थांबून सारखं बघत बसायचं नाही. दाबणं जास्त, थांबणं अगदी कमी, आणि दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. तुम्ही फार थांबत होतात हो. मीच तसं शिकवलं होतं.

आईला सांगितलंय, उशीला हात लावू नको. दसऱ्याला येते. मागच्या खोलीत दार लोटून उशी जमिनीवर ठेवीन आणि तुम्हाला नवी रीत दाखवीन. पुढं बदलली तर पुन्हा येईन. राजू तिथंच असेल, मला माहीत आहे. तुम्ही शेजारी बसा फक्त.

तुमची,
मंगी