वहिनी उठली की बंद पडतो

४ ऑगस्ट
आले एकदाची! नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा वाटलं होतं, आता जन्मभर भाड्याची खोली आणि स्वतःशीच गप्पा. पण वहिनीने आपण होऊन फोन केला, इकडेच ये म्हणाली. मागची खोली दिली आहे मला. खिडकीतून वाळत घातलेले कपडे आणि शेजारचं आळशी मांजर दिसतं. वहिनीने कपाटातला अख्खा कप्पा रिकामा करून ठेवला होता. दादा घरूनच इमारतींचे नकाशे काढतो, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. मी आल्यावर त्याने मान वळवली. त्याच्या मानाने हे म्हणजे जंगी स्वागतच.

६ ऑगस्ट
गंमतच आहे. वहिनी दिवसभर दादाच्या टेबलाशेजारी, सीपीयूच्या डब्यावर उजवा हात ठेवून बसते. ती उठली की कॉम्प्युटर फट्‌दिशी बंद. सेव्ह न केलेलं सगळं उडतं आणि दादा खेकसतो. पॉवर सप्लाय खराब आहे म्हणे, पण ती बसली की चालतो. मी म्हटलं, यंत्रालाही वहिनीचा धाक! दादा हसला. वहिनी नाही हसली.

१० ऑगस्ट
वहिनी दाढ दाखवायला गेली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. मीच मेकॅनिकला बोलावलं. गप्पिष्ट माणूस. बडबडत त्याने पॉवर सप्लायची पेटी सोडवून बाहेर काढली, उघडली, आणि पेचकसाने आत खरवडलं. आत नुसता कोळसा. म्हणाला, ताई, ही केव्हाच मेली आहे, हिच्यावर कॉम्प्युटर चालणं शक्यच नाही. मी म्हटलं, सकाळपर्यंत चालत होता. त्याला वाटलं, मी थापा मारतेय.
तेवढ्यात वहिनी आली, सुजलेला गाल घेऊन. दादाने नुसतं खुर्चीकडे पाहिलं. ती बसली, डब्यावर हात ठेवला.
पंखा फिरायला लागला. पेटी अजून टेबलावरच होती, वायरी लोंबत होत्या.
मेकॅनिक पेचकस विसरून गेला.

१३ ऑगस्ट
नवा पॉवर सप्लाय मी स्वतः विकत आणला. दादा म्हणाला, आता नको, हॉस्पिटलचा नकाशा द्यायचाय, अर्धा दिवस काम कोण बंद ठेवणार? आणि ती बसूनच तर असते, तिला काय कष्ट आहेत? हे तिच्यासमोर म्हणाला. खोका माळ्यावर टाकला.
वहिनीची बांगडी आता थेट कोपरापर्यंत सरकते. तळहात राखेच्या रंगाचा झालाय.

१६ ऑगस्ट
दादा खोलीत नसताना डब्याला बोट लावून पाहिलं. आधी झिणझिण्या. मग कुणीतरी आतून हात ओढून घेतंय असं — झटकन सोडवला. वहिनी बघत होती. तिला विचारलं, उठून का जात नाहीस? म्हणाली, एकदा रागावून उठून गेले होते, त्याचं सगळं काम उडालं. नेहमीसारखा खेकसला असता तरी चाललं असतं गं. बोलायचाच बंद झाला. घरात आहे की नाही मी, असं वाटायला लागलं. मग उठायची सवयच गेली.
मी तिला भरवलं. तिचा डावा हातही आता उचलत नाही.

१९ ऑगस्ट
वहिनी खुर्चीतून पडली. अँब्युलन्सवाले म्हणाले, एवढं हलकं माणूस कधी उचललं नाही. ते तिला जिन्यातून नेत असताना दादा मला विचारत होता, पडण्याआधी फाइल सेव्ह झाली होती का.
मेकॅनिक फोन उचलत नाही. खोका काढून नवा पॉवर सप्लाय मीच बसवला. वायरी जोडल्या, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. त्याला आता वीज नकोच आहे —

२१ ऑगस्ट
दादा हॉस्पिटलात गेलाच नाही. काळ्या स्क्रीनसमोर बसून आहे. म्हणाला, जरा बस ना तू, फक्त फाइल वाचली का बघतो. सख्खा भाऊ. बसले.
पंखा फिरला.
जेवायची वेळ टळून गेली तरी तो उठला नाही. मीही.

२३ ऑगस्ट
वहिनीचा फोन. आवाज ठणठणीत. भूक लागते म्हणाली. इथून बहिणीकडे जाणार. घरी कधी येतेस विचारलं. म्हणाली, आता तू आहेस ना.
मुद्दाम बोलावलंस का मला?
आधी दाढेचं काहीतरी सांगत बसली. मग म्हणाली, ‘‘दुसरं कोण आलं असतं गं?’’ आणि रडली. खरंच रडली. पण फोन तिनेच ठेवला.

२६
डाव्या हाताने लिहितेय. उजवा अडकलाय असं नाही. सुटतो. काल सोडला होता — दारापर्यंत गेले — दादा काही बोलला नाही. पाणी आणून दिलं, तेही घेतलं नाही. नुसता —
परत बसले. जाणार कुठे?
बोटं आता कुठे संपतात ते —
दादा म्हणतो, नकाशातला एवढा जिना होऊ दे, मग